घुमी आणि नळाखालची माती

वहिनी,

तुझ्या संस्थेतून फोन आला होता. स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार पानं लिहून द्या म्हणाले, आणि जरा प्रेरणादायी लिहा. मी म्हटलं, आहे ते लिहीन, छापायचं तर छापा. पण तुला उद्देशून लिहायला बसले तर तू मधेच "वन्सं, असं नव्हतं ते" म्हणून माझी वाक्यं खोडत बसशील. तेव्हा इथून पुढे तू म्हणजे 'ती', आणि मी नुसती तुझी नणंद. गप्प बसून ऐक.

तर ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. मातीतले जीवाणू वाढवायचे आणि त्यांतलं कोण औषध बनवतं ते हुडकायचं, हे तिथलं काम. काचेच्या चपट्या प्लेटमध्ये रोगाचे जंतू पसरायचे आणि मधोमध मातीतल्या जीवाणूचा ठिपका ठेवायचा. भोवतीचे जंतू मेले तर ठिपक्याभोवती स्वच्छ वलय उमटतं. वलय उमटलं तर जीवाणू फ्रीजरमध्ये, नाही तर वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये. यात वहिनीला दयामाया नव्हती. "वलय नाही त्याला जागा नाही," म्हणायची आणि ट्रेच्या ट्रे शिजवून टाकायची. नवऱ्याची जुनी मासिकंही तिनं याच न्यायानं रद्दीत घातली.

नोकरीच्या सुरुवातीला प्रत्येकाला कुठली तरी माती आणायला सांगितलं होतं. वहिनीनं घरामागच्या गळक्या नळाखालची चमचाभर नेली. तो नळ तिचा नवरा लग्नाआधीपासून 'उद्या' दुरुस्त करणार होता. त्या मातीतून एक राखाडी-जांभळट, मखमली ठिपका वाढला. दिसायला देखणा, कामाच्या नावानं शून्य. वहिनीनं त्याचं नाव ठेवलं घुमी.

पण घुमी शिजली नाही. कारण प्रत्येक चाचणीत तुलनेसाठी काहीच न करणारं कोणीतरी लागतं. 'काही नाही' म्हणजे कसं दिसतं हे दाखवण्याची नेमणूक घुमीला मिळाली, आणि वीसेक वर्षं तिनं ती इमानेइतबारे केली.

"आमच्या ह्यांच्यासारखीच," वहिनी म्हणायची. "शांत आणि कायमची."

मग प्रयोगशाळेत नवी प्रमुख आली. तरुण, जाड भिंगांची, म्हणून वहिनीच्या भाषेत चष्मेवाली. तिनं जीवाणूची सगळीच्या सगळी जनुकं ओळीनं वाचणारं यंत्र आणलं. एवढी घोषणा झाली आणि खोक्यातून निघालं काय, तर स्टेपलरएवढी डबी. पहिली चाचणी कोणावर घ्यायची यावर खल सुरू झाला.

"घुमीला द्या," वहिनी म्हणाली. "बिघडली तर कोणाचं काही जात नाही."

काही दिवसांनी चष्मेवालीनं तिला संगणकासमोर बोलावलं. पडद्यावर रंगीत बाणांच्या रांगा होत्या.

"मावशी, हिच्याकडे तीसेक पदार्थ बनवायची तयारी आहे."

"नमुना बदलला असेल. माझ्या हातून नाही बदलत, तुमच्या बदलेल."

"दोनदा वाचलाय. हे बघा, एका पदार्थाला लागणारी जनुकं शेजारी शेजारी आहेत. हे साखळी जोडणारं. हे तिला पीळ घालणारं. आणि शेवटचं तयार झालेलं विष बाहेर उपसणारं, म्हणजे हिला स्वतःलाच बाधू नये."

"तेही आहे?"

"तेही. आणि ही एक रांग आजवर नोंदलेल्या कुठल्याच रांगेशी जुळत नाही."

कामाच्या वेळात कधी न बसणाऱ्या वहिनीनं खुर्ची ओढली.

"म्हणजे हिला येतं सगळं."

"येतं. करत नाही."

"का म्हणून?"

"कशाला करेल? प्लेटमध्ये आयतं खायला आहे, भांडायला शेजारी नाही."

त्या संध्याकाळी वहिनी घरी आली ती पर्स खांद्यावर ठेवूनच मागच्या दारात उभी राहिली. नणंदेनं चहा पुढे केला, तो तिला दिसलाच नाही.

"वन्सं, आजवर मी किती शिजवले असतील हो?"

"हजारो. त्याचाच तर पगार घेतेस."

"आणि त्यांतल्या प्रत्येकाकडे असं काहीबाही लिहिलेलं असेल. इथे, आपल्या पायाखाली. आपण यावर कपडे वाळत घालतो."

नणंदेनं उभा जन्म कॉलेजात भूगोल शिकवला होता, पृथ्वीचे थर मुलांकडून घोकून घेतले होते. अंगणात सावकाश पाऊल टाकावं असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढचे कित्येक महिने वहिनी घुमीच्या मागे लागली. उपाशी ठेवलं, उष्णता दिली, अनोळखी जीवाणू शेजारी बसवले. घुमी ढिम्म. शेवटी चष्मेवालीनं ती अनोळखी रांग उचलून दुसऱ्या, गरीब स्वभावाच्या जीवाणूत बसवली, आणि वलय उमटलं. प्रयोगशाळेत टाळ्या पडल्या. वहिनीनं प्लेट खिडकीशी धरली. त्या कडेइतकी स्वच्छ कड तिनं नोकरीभरात पाहिली नव्हती. बराच वेळ तिनं प्लेट खाली ठेवली नाही.

मग म्हणाली, "हे दुसरीच्या तोंडून वदवलंत. मला हिच्याच तोंडून ऐकायचंय. हिचे जुने शेजारी आणू या."

"आता गरज नाही, मावशी. पदार्थ मिळाला."

"तुम्हाला मिळाला. मी हिला वीस वर्षं 'काही नाही' म्हणून उभी केलीये."

शेजारी होते नळाखाली. पण नेमका तो नळ नवऱ्यानं मधल्या काळात दुरुस्त करून खाली जाड फरशी बसवली होती. जन्मात पुरं केलेलं एकुलतं एक काम.

"जंतूंसाठी माझी फरशी फोडणार?" तो म्हणाला.

"तुमच्यापेक्षा जास्त बोलतील ते," वहिनी म्हणाली.

वहिनी आणि नणंदेनं मिळून ठरवलं, प्लंबर पाइप बदलायला येईल तेव्हा त्याच्याकडूनच फोडून घ्यायची. प्लंबर येईना. मग वहिनीचा गुडघा आला, मग नणंदेचा मोतीबिंदू. वहिनी निवृत्त झाली, तरी रोज दुपारी घुमीला भेटून यायची. आणि एका सकाळी, उठायच्या आधीच, ती गेली.

वहिनी, त्या मातीसाठी तू वाफवून, झाकणाला टेप लावून दिलेली बरणी माझ्या कपाटात आहे. "उघडू नका, वन्सं, हवेतलं भलतंच कोणी आत शिरेल," म्हणाली होतीस, म्हणून उघडलेली नाही. प्लंबर परवा आला. हातात छिन्नी होती. फरशीच्या कुठल्या कोपऱ्याखालची माती, विचारत होता. ते तू उभी राहून दाखवणार होतीस. मी त्याला चहा दिला आणि परत लावून दिलं.