हनीफचा हवेचा डबा

खरं सांगते, हनीफला मी पयल्या दिवशी चोर समजले. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण त्या दिवशी हसण्यासारखं काय नव्हतं, निदान त्याला तरी.

झालं असं, की घोडेगावात आमच्या शेजारच्या खोल्यांत जुन्नरचं एक कुटुंब राहायला आलं. रात्रीचं सामान उतरवलं, त्यामुळं तोंडं काय बघितलेली न्हाईत. सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले, तर त्यांच्या जीपच्या चाकापाशी एक माणूस उकिडवा बसलेला. फुस्स! उठला, दुसऱ्या चाकापाशी गेला. फुस्स! म्हणलं, झालं! कुणीतरी जळका डायवर नव्या माणसाच्या गाडीची हवा सोडतोय. हातातली शेणपाण्याची बादली तशीच त्याच्या पाठीवर पालथी केली.

"अवो मावशी, माझीच गाडी हाय!"

"मग काय, चोर म्हणणार व्हय दुसऱ्याची हाय?"

तेवढ्यात आतनं त्याची बायको चांदबी पदर खोचत आली. नवऱ्याकडं वरनं खालपतुर बघितलं आणि मला म्हणाली, "मावशी, माझाच हाय हा माणूस. पण बादलीत अजून असलं तर टाका. कालपासनं अंघोळ नाय केलेली."

तवापासनं चांदबी माझी लाडकी झाली. आणि महंमद हनीफ? त्याच्याशी माझं रोज एक भांडण ठरलेलं.

ह्या माणसाला बूड टेकून बसणं ठाऊकच न्हाई. चहा पिणार तो अंगणात फेऱ्या मारत. बोलणार तो किल्ली बोटात फिरवत. त्याचा धंदा डोंगरातल्या वाड्यांवर जीपनं माणसं पोचवायचा. वरती रस्ता म्हणजे नुसती खडी आणि फुफाटा. तिथं टायर कडक असलं की चाक जागच्या जागी फिरतं, गाडी हलत न्हाई. म्हणून हवा कमी करायची. मऊ टायर पसरतं, दगडाला धरून चालतं. पण खाली डांबरावर आलं की तेच मऊ टायर तापतं, फाटतं. म्हणजे परत भरायची. हे सगळं त्यानंच मला समजावलं, पाठीवरचं शेण धूत धूत. हवा भरायला त्याच्याकडं पायानं मारायचा पंप व्हता. तो मारून मारून गुडघा कुरकुरायला लागला व्हता. त्या दिवशी सकाळी तो हेच बघत व्हता, की हवा सोडून पुन्यांदा भरायला किती दम लागतो.

त्यात रत्नाचं लग्न ठरलं.

रत्ना म्हणजे उंबरदऱ्याच्या सोमाजी आणि लंकाबाईची पोरगी. उंबरदरा, वरची डोंगरातली वाडी, माझं माहेर, लंकाबाई माझी लहानपणीची मैत्रीण. लग्न खाली मंचरच्या पुढं पेठ गावात, कार्यालयात. मे महिना, आणि त्याच वर्षी वरच्या रस्त्याचं काम काढलेलं. यंत्रानं रस्ता उकरून ठेवला, खडीचे ढीग टाकले आणि माणसं गेली निघून. घोट्यापतुर फुफाटा. एक जीपवाला वर यायला तयार न्हाई. आदल्या वर्षी गाडी वर चढली न्हाई म्हणून तिथलीच भागू पायी उतरली व्हती, चपला हातात, शालू मांडीपतुर मातीनं भरलेला. सासरी अजून तिला "धुळीची नवरी" म्हणतात. बारसं झालं तिच्या पोराचं, तरी म्हणतात.

लंकाबाई माझ्यापाशी येऊन रडली. "अगं, माझ्या रत्नाला बी तसंच नाव पडणार."

हनीफ अंगणात फेऱ्या मारत व्हता. थांबला. "रत्नाचा पाय मातीला लागणार न्हाई, लंकाबाई. मी आणतो."

बोलून तर बसला. मग झोप उडाली त्याची. पायपंपानं चार चाकं भरायची म्हणजे मुहूर्त चुकणार. म्हणून हवा भरायचं यंत्र, कॉम्प्रेसर घ्यायचा. पण कुठला?

आळेफाट्याला गेणभाऊचं टायरचं दुकान. त्यानं दोन प्रकार दाखवले. एक हातात धरायचा डबा. त्याचे चिमटे बॅटरीला लावायचे, नळी चाकाला, झालं काम. मात्र लई चालवला की तापतो आणि आपला आपण बंद पडतो. दुसरा गाडीतच बांधायचा, बॉनेटखाली इंजिनाशेजारी, त्याची टाकी सीटखाली. झटपट भरतो, काढा-ठेवायची कटकट न्हाई.

"पावणं, एकदा बांधला की विसरा," गेणभाऊ म्हणाला.

"आणि बिघडला तर?"

"मग आठवा!"

हनीफ घरी आला, बॉनेट उघडून उभा राहिला. टेप लावून जागा मोजली. बंद केलं. पुन्यांदा उघडलं. दुसऱ्या दिवशी परत आळेफाटा. मी म्हणलं, "अरे, बांधलेलाच घे. सुटी वस्तू घरात राहत न्हाई, माझा चष्मा बघ." तर म्हणतो, "मावशी, चष्मा तुमच्या कपाळावर हाय." मेला!

चांदबी म्हणाली, "मला बघायला एकदाच आलते, तेबी चहा अर्धा ठेवून गेले. ह्या डब्याला रोज बघायला जातात."

शेवटी डबाच आणला. बांधलेला त्या जुन्या बॉनेटात दाटीवाटीनं बसला असता, म्हणतो. मी नाक मुरडलं. "लग्नात रडवशील."

लग्नाच्या सकाळी मी बी जीपमधी. डांबर संपलं तिथं त्यानं चारी चाकांची हवा सोडली आणि गाडी त्या फुफाट्यातनं अशी चढली, जशी म्हैस तळ्यात उतरते. डुलत डुलत, पण न थांबता. सोमाजीच्या दारात पोचलो. रत्ना नटून बसलेली. तिला उचलूनच आत ठेवली.

आमच्यात शुभकार्याला गाडी निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात. रत्नाच्या चुलत्यानं, जानकूनं ठेवलं. हनीफनं गाडी एक चक्कर पुढं घेतली. सगळी वाकून बघतात तर लिंबू आख्खं! पिवळं धम्मक, फुफाट्यात रुतून बसलेलं.

लंकाबाईचं तोंड उतरलं. "रत्ना, उतर खाली."

"अगं उतरू कशी? पाय मातीला लागंल ना!" रत्ना आतनं ओरडली.

जानकू टायर दाबून बघत म्हणाला, "टायरात जीवच न्हाई, राव! लिंबू फुटंल कसं?"

"जीव हाय, हवा कमी हाय," हनीफ म्हणाला. "आणि लिंबू मातीत रुतलंय. त्याखाली फरशी ठेवा, फुटतंय."

"फरशीवर कुणाचं बी फुटंल," लंकाबाई म्हणाली. "हवा भर. त्याबिगर माझी पोरगी हलणार न्हाई."

उन्हं वर यायला लागली. हनीफ गाडीभोवती गरगर फिरला, घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मग डबा काढला, चिमटे लावले. टर्रर्र! पोरं कानात बोटं घालून नाचायला लागली. पुढची दोन चाकं टणक झाली. सगळी डब्याकडं बघत व्हती, तवर मी खराटा घेतला आणि चाकापुढचा फुफाटा गुपचूप सारला, खालचा मुरूम दिसेपतुर. नवं लिंबू ठेवलं. फट्! शितोडे जानकूच्या धोतरावर.

"बघा, हवेचा गुण!" जानकू म्हणाला. मी खराटा पाठीमागं लपवला.

आणि हनीफ परत चाकापाशी बसला. फुस्स!

"आरं, आरं! आत्ताच भरली ना!" आख्खी वाडी ओरडली.

"उतार कोण उतरंल मग? तुमी?"

फुफाट्यातनं खाली आलो. मागची माणसं छतापतुर उडाली, पण रत्नाच्या शालवावर कण न्हाई. लंकाबाईनं तिला चादरीत गुंडाळलेलं. डांबर लागलं. हनीफनं मागची दोन चाकं भरली. पुढच्याला नळी लावली आणि डबा गप्प. तापला! हात लावला तर चटका.

डोक्यावर ऊन, जवळपास गॅरेज न्हाई, मुहूर्त तोंडावर. लंकाबाई देवाला हाका मारायला लागली. रत्ना नुसती बांगड्या फिरवत बसली. तिच्याकडं बघून तरी मी गप बसायला पायजे व्हतं. पण तोंड ऐकंल तर ना!

"सांगत व्हते, बांधलेला घे!"

हनीफनं चिमटे काढले. डब्याला फडकं गुंडाळलं, खिडकीतनं माझ्या मांडीवर ठेवला. "मावशी, हात बाहेर काढा. डबा वाऱ्यात धरा. सोडू नका."

"मी?"

"खिडकीची जागा भांडून कुणी घेतली?"

फडकं वरनं उघडून डबा वाऱ्यात धरला. पुढची चाकं मऊ, म्हणून गाडी बैलगाडीच्या चालीनं. येणारे-जाणारे बघत व्हते, ही बाई खिडकीतनं काय वाळवतीय म्हणून. हात भरून आले, पदर उडून तोंडावर आला. हनीफ दर थोड्या वेळानं गाडी थांबवून डब्याला बोट लावायचा, जसं पोराचा ताप बघतात. शेवटी एका आंब्याखाली थांबला. चिमटे लावले. टर्रर्र! आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला न्हवता मी. पुढची दोन्ही चाकं भरली आणि मग जीप मंचरवरनं जी सुटली, ती पेठेतच थांबली.

तिथं बघतो तर नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशीच. पोरं बँडपुढनं हलायला तयार न्हाईत. नवऱ्याच्या आत्यानं पुढं होऊन आधी रत्नाचे पायच बघितले. कोरी चप्पल, शालवाचा काठ स्वच्छ. आत्यानं बाजूला होऊन वाट दिली. लंकाबाईनं माझा हात एवढा दाबला, की डबा धरून दुखत व्हता त्याच्यापेक्षा जास्त दुखला.

अक्षता पडल्या, पंगत बसली. हनीफ मठ्ठा वाढायला घुसलेला. माझ्यापुढं आला तसं मी म्हणलं, "काय बी म्हण, बांधलेला असता तर थांबायची येळ आली नसती."

"बांधलेला इंजिनाच्या कुशीत बसला असता. तो तापला असता तर?"

"तर काय?"

"तर गार करायला तुमी आख्खी जीप खिडकीबाहेर धरली असती का?"

लंकाबाईला हसता हसता ठसका लागला. मी पेला पुढं केला. "मठ्ठा वाढ."

"आधी म्हणा, डबा बरा."

"वाढ म्हणते ना!"

"आधी म्हणा."

तिखट भाजीनं तोंड पेटलेलं, आख्खी पंगत माझ्याकडं बघतीय. म्हणलं मग. डबा बरा.

"ऐकू न्हाई आलं, मावशी. बँड वाजतोय."

दुसऱ्यांदा म्हणायला लागलं. आणि मठ्ठा अर्धा पेलाच वाढला मेल्यानं.