चिडक्या पोटाचा मानकरी

महाड ते पोलादपूर या पट्ट्यात कुठल्या घराला संडास आहे आणि त्याची कडी आतून नीट लागते की नाही, हे माझ्या मोठ्या मेहुण्यांइतकं खात्रीने सांगणारा माणूस दुसरा नाही. लग्नाची पत्रिका आली की लोक मुहूर्त बघतात. हे आधी कार्यालयाची मागची बाजू बघून येतात. एसटीत बसणार ते दाराजवळ, तेही कंडक्टरशी ओळख काढून. वालाचं बिरडं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, ते सोडलं. दूध सोडलं, फणस सोडला, शेवटी चहासुद्धा. फरक पडला, नाही असं नाही. पण मुलीच्या बारावीच्या निकालादिवशी नुसत्या पेजेवर असूनही बिचारे दिवसभर आतबाहेर करत होते. महाडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "आतडी धडधाकट आहेत, फक्त चिडकी आहेत. पथ्य ठेवा, पण काळजीही कमी करा." बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "भावोजी, वाल सोडले, दूध सोडलं. काळजी कशी सोडू? ती काय ताटात वाढलेली हाय?"

त्यातली सगळ्यात मोठी काळजी शिमग्यातल्या देवीच्या पालखीची. पोलादपूर तालुक्यात कापड्याजवळच्या त्यांच्या गावात पुढच्या खांद्याचा मान त्यांच्या घराण्याकडे. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाताना पालखी खाली टेकवायची नाही, असा रिवाज. गेल्या वर्षी भर वाटेत खांदा दुसऱ्याला देऊन त्यांना शेताकडे पळावं लागलं. पोरं हसली. ते हसणं त्यांच्या पोटात वर्षभर राहिलं. यंदा शिमगा जवळ आला तसं अन्नच जाईना. शेवटी त्यांनी म्हाताऱ्या गुरवाला सांगून टाकलं, "मान चुलतभावाला द्या. माझ्याच्यानं नाय व्हायचं." सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

"एवढा शिमगा काढ, मग बघू," गुरव म्हणाला.

पालखी निघाली. जरा वाट सरली, तोच गुरवाने हात वर केला. "देवीला विसावा!" समोरच्या घरापुढे पाट मांडलेला होता. परसातल्या संडासाचं दार उघडं, आत पाण्याने भरलेली बादली. पुढच्या घरापाशी तसंच, त्याच्या पुढेही तसंच. मी काय ते समजलो. मेहुणे मात्र बुचकळ्यात पडले.

"यंदा देवी लय ठिकाणी बसते?"

"वय झालं रे तिचं," गुरव म्हणाला.

कोणी हसलं नाही. गेल्या वर्षी हसलेली पोरंसुद्धा गंभीर तोंडाने ढोल वाजवत होती.

मेहुण्यांना एकदाही आत जावं लागलं नाही. देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी टेकवून ते घामाने निथळत माझ्याशेजारी बसले. त्यांना सगळं कळलं होतं की नव्हतं, मी विचारलं नाही.

"भावोजी," ते हळूच म्हणाले, "देवी थकली हो. अशा वक्ताला खांदा सोडून कसं चालंल?"