कोळवणातली भरती

फोन वाजला तेव्हा मी बावधनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. पडद्यावर ‘दत्ताभाऊ’ हे नाव दिसलं आणि मी फोन टेबलावर उलटा करून ठेवला. पावणेदहा वाजले होते. भाऊ, माझे कोळवणचे जुने घरमालक, रोज याच वेळेला फोन करायचे आणि कोकणातल्या खाडीला आज भरती किती वाजता आहे ते सांगायचे. म्हटलं, नंतर बघू. फोन तीनदा वाजला. मीटिंग संपल्यावर मी उलट लावला, तर पलीकडे भाऊंची बायको, सुमनवहिनी. भाऊ गोठ्यातून येता येता पायरीवर टेकले होते, ते उठलेच नाहीत... आणि मी काय बोललो? ‘सॉरी वहिनी, मीटिंगमध्ये होतो.’ पाच आठवडे झाले, ते वाक्य आठवलं की अजून बसल्या जागेवरून उठावंसं वाटतं. मग उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागलीय का?

लॉकडाउनमध्ये मी कोळवणला भाऊंच्या घरातली वरची खोली भाड्यानं घेतली होती. मी मराठवाड्यातला, आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं. पोहणं सोडाच, खोल पाणी बघितलं तरी मी दोन पावलं मागं सरायचो. भाऊ भातशेतीवाले, पण त्यांचा सगळा जीव जवळच्या धरणाच्या पाण्यावर. तिथला कुठलासा बोट क्लब बंद पडला तेव्हा त्यांनी एक जुनी शिडाची बोट विकत घेतली, दोन माणसं आणि एक कुत्रं जेमतेम मावेल एवढी. कुत्रं म्हणजे खंड्या. तो पुढच्या टोकाला नाक वर करून बसायचा. मला त्यांनी जवळजवळ ओढूनच बसवलं. ‘सायेब, बुडाला तर भाडं कोन देनार मला? बसा गुमान!’

मग एकदा भाऊंच्या डोक्यात आलं, धरण पुरे, आता खाडी. जीपमागं गाड्यावर बोट बांधली आणि ताम्हिणी घाट उतरून गेलो. काय ती सकाळ! खाडी काठोकाठ भरलेली, वारा पाठीशी, दोन्हीकडे खारफुटी. अकराच्या सुमारास काठाला दोर बांधला, भाकरी-ठेचा खाल्ला आणि शिडाच्या सावलीत ताणून दिली. धरणावर आम्ही नेहमी हेच करायचो. जाग आली तेव्हा बोट कलली होती आणि खाली पाणीच नव्हतं. नुसता चिखल. खंड्यानं उडी मारली तो पोटापर्यंत रुतला, त्याला काढायला भाऊ उतरले ते मांड्यांपर्यंत रुतले, आणि मी वरून ‘धरा, धरा’ ओरडत होतो, कुणाला ते माझं मलाच माहीत नाही. चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक म्हातारी लांबून बघत होती. ‘घाटावरचे ना रे तुम्ही?’ ती हसायलाच लागली. ‘आज द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नवाला भरली, ती आता उतरली. बसा संध्याकाळपर्यंत.’ बसलो. दिवेलागणीला पाणी आलं आणि बोट आपोआप उठली. भाऊ चिखलानं माखलेले, पण चेहरा असा की लॉटरी लागलीय. ‘सायेब, ह्ये पानी जितं हाय,’ म्हणाले.

त्या दिवसापासून तिथीची पाऊणपट हे भाऊंचं वेडच झालं. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं रोजच्या तारखेखाली भरतीची वेळ लिहायची आणि मला फोन करायचा. मी बावधनला राहायला आलो तरी फोन सुरूच. एकदा मी वैतागलो, ‘भाऊ, बावधनात भरती येत नाही हो!’ तर शांतपणे म्हणाले, ‘हितं न्हाई, पर तितं येतीया. तुमी नसला तरी येतीया.’

वहिनींची एक अट होती: एकट्यानं पाण्यात जायचं न्हाई, आन कुत्रं मोजायचं न्हाई. म्हणजे मी गेलो तरच भाऊ जाणार. तीन हिवाळे आम्ही खाड्या पालथ्या घातल्या. चौथ्या हिवाळ्यात मी चार वेळा हो म्हणालो आणि चारही वेळा रद्द केलं. शेवटच्या वेळी तर पहाटे फोन केला. तोवर बोट जीपला जोडून झाली होती, खंड्या आत बसला होता. ‘बरं,’ भाऊ म्हणाले, ‘पानी काय, परत येतंय.’ ते चौथ्या दिवशी गेले. मी गेलो असतो तर ते वाचले असते असं नाही. पण त्यांची शेवटची भरती मी खाल्ली, हे खरं आहे आणि त्याला औषध नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. शेजारच्या फार्महाउसवाल्यांना बोट हवी होती. हिरवळीवर ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार होते. ‘तुमी म्हनाल तसं, भाऊजी.’ देऊन टाका, असं सांगायचं मी घरूनच ठरवून गेलो होतो. बोट नजरेसमोरून जाईल, सुटेन एकदाचा. ताडपत्रीखाली खंड्या बोटीतच पडून होता. मला बघून शेपटी हलवली, खाली मात्र उतरला नाही. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि दिनदर्शिकेपाशी थबकलो. भाऊ गेले त्या तारखेपर्यंत जाड पेन्सिल होती. पुढच्या तारखांखाली बॉलपेननं काढलेले बारीक, वाकडे आकडे. आजपर्यंतचे.

‘वहिनी, हे कोणी लिहिलं?’

‘मीच. त्यांच्या माघारी तुमाला येळ कोन सांगनार?’ त्या परातीतलं पीठ मळत होत्या. ‘पर फोन न्हाई केला. वाटलं, तुमी उचलनार न्हाई.’

बोटीचं काही न सांगता तसाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला, भर मीटिंगमध्ये, फोन वाजला. ‘दत्ताभाऊ’. नाव मी बदललेलं नाही. सगळ्यांदेखत उचलला.

‘भाऊजी, आज सप्तमी. सव्वापाचाला.’

‘दशमीला साडेसात,’ मी म्हणालो. ‘बोट द्यायची नाही. मी येतोय.’

‘एकट्यानं न्हाई जायाचं. कुत्रं मोजायचं न्हाई.’

‘मग तुम्ही चला.’

या बाईनं उभ्या जन्मात बोटीत पाय ठेवलेला नव्हता. पलीकडे पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, ‘भाकरी किती घिऊ?’