पुलाजवळ
आंबलेल्या तूरडाळीचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. ढगफुटीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत घराघरातून गाळ आणि भिजलेलं धान्य बाहेर निघत होतं. नुकसानीच्या पाहणीला आलेले पालिकेचे साहेब म्हणाले, "इथं ओढाच नाही, मग पूर कसा? हे साचलेलं पाणी." ओढा त्यांच्याच कचेरीनं बुजवून वर दुकानं काढली होती. निघताना त्यांनी ड्रायव्हरला फोन केला, "गाडी पुलाजवळ आण." चिखलानं माखलेली शेजारची मावशी म्हणाली, "साहेब, ओढा न्हाई तर पूल कशाचा हाय?" साहेब चिखल चुकवत गाडीकडे निघाले. असा पाऊस आता दरवर्षी पडतो. पूल दुकानांखाली गेलाय, दिसत नाही, तरी सेनगावला जाणारी प्रवासी जीप पुलाजवळच थांबते. पाणीही तिथंच अडतं, आणि आमच्या घरात शिरतं.