टांगलेल्या सीड्या उतरवणारे नाना

चकतीनाना कुणाच्याही शेतात शिरले की पिकाकडे बघत नसत, वर बघत. पाखरं हाकलायला आम्ही दादर ज्वारीत जुन्या सीड्या टांगतो. नाना त्या उतरवून घेत आणि बदल्यात पत्र्याची चकती टांगत. पारोळ्याला त्यांचं सीडीचं दुकान होतं. ते बंद पडलं, नाद सुटला नाही. आपल्याच लोकांनी लग्नाच्या कॅमेऱ्यावर काढलेले अहिराणी पिक्चर एकेकाळी घरोघर चालले, मग पाखरांच्या कामी लागले. नाना ते शोधून इंटरनेटवरच्या संग्रहात चढवत. म्हणत, "तिथं उंदीर कुरतडत नाही."

माझ्या शेतात ते दिसले तेव्हा चोर समजून मी काठी घेऊन धावलो. ते जागचे हलले नाहीत. "आबा, मंग मारा. पहिले सांगा, हाई कोनता पिक्चर शे?"

सीडी बघून मी काठी खाली टाकली. तो आमच्या गावात काढलेला पिक्चर. लग्नाच्या पंगतीत माझी बायको वाढते आणि एकच वाक्य बोलते. तिला जाऊन सहा महिने झाले होते. फोटो होता, आवाज कुठंच नव्हता. आणि सीडी अडकते म्हणून ती जिवंत असताना मीच टांगली होती. बायको त्या सीडीखाली निंदायला बसायची. त्यावरून मला कधी एक शब्द बोलली नाही.

नानांना हे सांगितलं. म्हणाले, "गाढवपणा केलात." मला बरं वाटलं. बाकी सगळे नुसती समजूत घालत होते.

त्यांनी सीडी साबणाने धुतली. "गोल पुसायची नाही, मधून बाहेर." पण उन्हानं चंदेरी थर पापुद्र्यासारखा निघाला होता. पिक्चर हळदीपर्यंत चालला आणि थांबला. पंगत नाहीच.

"दुसरी कुठंतरी टांगलेली असेल," नाना म्हणाले. मग हिवाळाभर त्यांच्या फटफटीवर मागे बसून मी धुळ्यापर्यंतची शेतं बघितली. लोक हसले, एकानं कुत्रं सोडलं. शेवटी धुळ्याजवळ एका बाईच्या वालाच्या मांडवावर त्याच पिक्चरची सीडी सापडली.

नानांच्या घरी लावली. हातात वरणाची बादली घेऊन बायको आली. "बठ्ठासनी जेवीसन जावानं!" सगळ्यांनी जेवून जायचं, एवढंच तिचं वाक्य.

मी रडलो. नाना कम्प्युटरवर नावं लिहीत होते. पिक्चरवाल्यांनी गाळलेली माणसंही ते लिहीत.

"वाढणारी कोण?"

"लिहा, माझी बायको."

"तिला नाव नव्हतं का?"

"सुमन," मी म्हणालो. किती दिवसांनी तोंडातून निघालं.

नाना कुणाकडे पाण्यापलीकडे काही घेत नसत. पण मला घरी सोडायला आले आणि स्वतःच पाट ओढून बसले. "बाईंनी सांगितलंय. वाढा." माझी करपलेली भाकरी खाल्ली, नावंही ठेवली.

यंदा आखाजीच्या सणाआधी नाना गेले. स्मशानातून आलो, आंघोळ केली. ताट समोर होतं, हात जात नव्हता. शेवटी मोबाईलवर नानांनी चढवलेला तो पिक्चर लावला. सुमन बादली घेऊन आली, बोलली.

मी जेवलो.