विजेचा उपास

चहा ओतायच्या आधीच तो आपला कप बशीत पालथा घालायचा. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या सकाळी. म्हणायचा, "सर, आज माझा विजेचा उपास हाय."

"कुठला रे हा देव?" आमचा शिपाई डिवचायचा.

"वीज बोर्ड! गावाला पावत नाय, मला पावतो."

महाडच्या आमच्या वाचनालयात तो जुनी पुस्तकं शिवायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. पहिल्या एसटीने यायचा. उपासाच्या दिवशी बहीण सोबत असे. इथून रिक्षाने वीर स्टेशन, तिथून रेल्वेने पनवेलचा दवाखाना. तिथे भूल देऊन डोक्याला विजेचा झटका देत. भुलीसाठी पोट रिकामं लागे.

मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल त्याच्या डोक्यात जन्मापासूनच नव्हता. "आपल्याकडं अजून होडीनंच जायाचा," तो हसून सांगायचा. तिशीत आजार जडला. बोलणं थांबलं, उचललेला हात हवेत तसाच राही, घास गिळवेना. गोळ्यांनी काही होईना. असल्या मेंदूला झटके द्यावेत का, म्हणून डॉक्टर आधी कचरले. शेवटी दिले, आणि काही दिवसांत त्याने बहिणीकडे भाकरी मागितली. थांबवले की पुन्हा मुका. म्हणून आठ वर्षं चालूच.

झटक्याच्या दुसऱ्या दिवशी तो दारातच थांबायचा.

"सर, आपली वळख हाय ना?"

"आहे."

"मग बरा झाला." आणि शिवायला बसायचा. नावं विसरायचा, टाका कधी चुकला नाही. आमच्याकडचं जुनं पुस्तक तुम्ही कधी नेलं असेल, तर त्याचा टाका तुमच्या बोटांखालून गेलेला आहे.

गेल्या शिमग्यात पालखी वाचनालयाच्या दारात आली, ती नेमकी त्याच्या उपासाच्या सकाळी. बहीण स्टँडवर रिक्षा बघत होती. मी प्रसादाचं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं.

"सर, उपास..."

"अरे, देवाचा प्रसाद. एवढ्याशाने काय होतंय?"

त्याने खाल्लं. माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

दवाखान्यात त्याने खरं ते सांगितलं. त्या दिवशी भूल दिली नाही. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला. बहीण चमच्याने पेज भरवत राहिली, पेज फुप्फुसात उतरली. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, एक हात हवेत.

"आपली ओळख आहे ना?" मी विचारलं. पापणीही हलली नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी तो गेला.

"तुम्ही देवाचाच दिलात ना, सर," दहाव्याला बहीण म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

यंदा पालखी आली. शिपायाने प्रसाद आणि चहाची किटली टेबलावर आणून ठेवली. मी माझा कप बशीत पालथा घातला.