वीस ओहोट्यांची मुदत

लिओना ग्रिंडलला पगार मिळायचा तो ऐकण्याचा. अमेरिकेतल्या मेन राज्यात किनाऱ्याचा कारभार बघणाऱ्या खात्याला नवा नियम करायचा झाला, की आधी लोकांना बोलू द्यावं लागे, आणि लोक बोलत असताना समोर कुणीतरी बसावं लागे. ते कुणीतरी म्हणजे लिओना. टेपरेकॉर्डर, जादा कॅसेटी, नावं लिहायचा कागद आणि घडीचं टेबल घेऊन ती सरकारी गाडीतून गावोगाव जाई, गावच्या सभागृहात टेबल मांडी, घड्याळात ठरल्या वेळेचा ठोका पडला की बटण दाबी आणि कागद वाचू लागे: “आज इथे आपलं म्हणणं नोंदवून घेतलं जाईल. मी उत्तर द्यायला आलेले नाही.” कागद तिला पाठ होता. तरी ती वाचायचीच, कारण वाचलाच पाहिजे असं कायद्यात होतं. कधी कधी कुणीच यायचं नाही. मग ती तो रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवी आणि दिलेला तास भरेपर्यंत बसून राही. अशी सव्वीस वर्षं झाली होती.

लोक तिच्यावर ओरडत. एका शेवंड पकडणाऱ्या कोळ्याने चाळीस मिनिटं आरडाओरडा करून शेवटी विचारलं होतं, “आता बोला, बाई, तुम्हाला काय वाटतं?” ती म्हणाली होती, “धन्यवाद. आपलं नाव पुन्हा एकदा सांगाल का? जरा स्पष्ट.” नवरा सोडून गेला तेव्हा दारात उभा राहून म्हणाला, “तू ऐकत नाहीस, लिओना. नोंद घेतेस.” त्यालाही तिने उत्तर दिलं नाही. सवयच गेली होती.

त्या वर्षी मे महिन्यात टिबेट्स कोव्हची सुनावणी निघाली. टिबेट्स कोव्ह तिचं गाव. तिचा बाप हार्लन तिथल्या खाजणात लाल किडे खणायचा. गळाला लावायचे, चिखलात हातभर खोल राहणारे, बोटाला कडकडून चावणारे किडे. ओहोटी लागली की माणसं गुडघ्याच्याही वर येणारे बूट चढवून चिखलात उतरायची आणि आखूड दांड्याच्या काटेरी कुदळीने, कंबरेत दुमडून, पाणी परत येईपर्यंत चिखल उलटत राहायची. बाप मेला तेव्हाही जरा वाकलेलाच होता. पेटीत त्याला सरळ करताना लोकांना त्रास झाला होता.

नवा नियम साधा होता. गावाला लागून असलेलं आतलं खाजण तीन वर्षं बंद ठेवायचं, चिखलाला विसावा द्यायचा. बाहेरच्या बेटांवरची खाजणं खुली राहणार होती. तिथे बोटीने जावं लागे.

सुनावणीची तारीख आणि वेळ लिओनाने स्वतःच घातली होती. सोमवार, दुपारी चार ते पाच. त्या दिवशी तिच्या वहीत तेवढीच जागा रिकामी होती. एकवीस दिवस आधी वर्तमानपत्रात छापून आलं, सभागृहाच्या दारावर लागलं. आणि एकदा छापून आलेली वेळ कुणालाच बदलता येत नसे, तिलाही नाही.

सोमवारी तीन वाजता ती गावात पोचली. सभागृहाची किल्ली गावच्या कारकून बाईंकडे, फर्नकडे. फर्न लिओनाच्या शाळेतली, दोन वर्षांनी मोठी. ती काकवी घातलेले डोनट पिशवीतून काढत म्हणाली, “एवढे केलेत, पण खाणार कोण? तू आणि मी.”

“का? कुणी येणार नाही?”

“आज सुकती, पुरी ओहोटी, कितीची आहे, ठाऊक आहे तुला?”

लिओनाने घडीचं टेबल भिंतीला टेकवलं.

“पाच दहाची,” फर्न म्हणाली. “सगळा गाव आत्ता बूट चढवतोय. मला वाटलं, राजधानीत, ऑगस्टा शहरात बसलेल्या कुणातरी शहाण्याने वेळ घातली असेल. मग खाली सही बघितली. हार्लनची पोर! अगं, तुमच्या चुलीशेजारी ओहोटीचं कोष्टक खिळ्याला टांगलेलं असायचं. तुझी आई ते बघितल्याशिवाय बटाटे उकडायला ठेवत नसे.”

लिओनाला ते कोष्टक आठवलं. दर महिन्याच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर बापाच्या अंगठ्याचा चिखल असे. ती टेबल उघडू लागली. टेबलाचा एक पाय नेहमीसारखा अडकला.

सव्वातीनला दार लोटून ओरिन केट्स आत आला. अडुसष्ट वर्षांचा, उजव्या पायाने लंगडणारा, बूट मांडीपर्यंत ओढलेले, हातात कुदळ.

“कुदळ बाहेर ठेव, ओरिन,” फर्न म्हणाली. “काल फरशी पुसलीय मी.”

“बाहेर ठेवली तर तुझा भाऊ पळवील.” त्याने कुदळ भिंतीला टेकवली आणि लिओनाकडे बघितलं. “ओळखलंस का, पोरी?”

“या, मिस्टर केट्स.”

“मिस्टर! तुझ्या बापाने चाळीस वर्षांत मला एकदा मिस्टर म्हटलं नाही. गाढव म्हणायचा. नीट हाक मार.”

“ओरिन,” ती म्हणाली, आणि हसली. सुनावणीच्या खोलीत ती कधी हसत नसे.

मग तो बोलू लागला. खुर्चीवर बसला नाही, दोन्ही हात टेबलावर टेकून, चिखलात उभा राहतो तसाच वाकून बोलत राहिला. बोट त्याने मुलीच्या लग्नानंतर विकली होती. हा पाय घेऊन दुसऱ्याच्या बोटीत चढता-उतरता येत नाही, आणि चढवायला आता कोण थांबणार? सडकेवरून पायी उतरता येईल असं खाजण एकच, हे आतलं. ते बंद झालं तर तो संपला, एवढंच. “पण मी रडायला आलो नाही. चिखल थकलाय हे खरंय. ते मलाच पहिल्यांदा कळलं, चिखल तपासायला आलेल्या तुमच्या त्या पोरसवदा साहेबाच्या आधी. पण सगळं बंद कशाला? ओढ्यापासून उत्तरेचं अर्धं बंद करा, दक्षिणेचं अर्धं उघडं ठेवा. पुढच्या वर्षी उलटं. त्या एका थंडीत किडे गोठून मेले, त्यानंतर तुझा बाप आणि मी असंच केलं होतं, कुणी न सांगता. दोन वर्षांत किडे परत आले, हे एवढे लांब. उलटलेला चिखल श्वास घेतो, पोरी. तीन वर्षं हात लावला नाही तर तो दगडासारखा बसतो. पश्चिमेकडचं खाजण जाऊन बघ. बंद ठेवलं आणि मेलं.”

सव्वीस वर्षांत इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. लिओना ऐकत राहिली. नोंद घेत नव्हती, नुसती ऐकत होती. बाप असं बोलता बोलता जिथे खोकायचा, ती जागासुद्धा तिला त्या आवाजात ओळखू येत होती. रेकॉर्डर तिच्या कोपराशी होता. कॅसेट घातलेली होती. घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

“झालं,” ओरिन म्हणाला. “आलं ना सगळं?” आणि त्याने कुदळ उचलली.

तेव्हा ती भानावर आली. “ओरिन, थांबा. हे चार वाजता सांगायला हवं. चारच्या आधीचं धरत नाहीत.”

“धरत नाहीत म्हणजे? तू इथे बसलीयस. मी इथे उभा आहे.”

“सुनावणी चारला सुरू होते. पंचवीस मिनिटं थांबा फक्त.”

“पंचवीस मिनिटांत पाणी ओढ्यापलीकडे जाईल. या पायाने मला आधी निघावं लागतं, पोरी. तरण्या पोरांनी सगळा चांगला चिखल उलटल्यावर मी काय, शिंपले वेचू?” तो चिडला नव्हता. समजावत होता. “तू ऐकलंस ना? मग तूच सांग त्यांना.”

“मला सांगता येत नाही. मी साक्षीदार होऊ शकत नाही.”

ओरिनने फर्नकडे बघितलं. “हिच्या बापाची जीभ तरी कात्रीसारखी होती.”

लिओनाने खात्याचा पत्ता छापलेलं कार्ड काढलं. लिहून पाठवता येईल, दहा दिवसांची मुदत आहे, दहाव्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळी पाचच्या आत पोचलं पाहिजे, असं तिने सांगितलं. सावकाश सांगितलं.

“मला सही येते,” तो म्हणाला. “ती पुरते. बाकीचं ही फर्न लिहील.” दहा दिवस, दहा दिवस, असं पुटपुटत त्याने कार्ड टोपीच्या आत खोचलं आणि निघून गेला.

चार वाजता लिओनाने बटण दाबलं आणि कागद वाचला. सभागृहाला पूर्वेकडे मोठी खिडकी होती. खिडकीतून खाजण दिसत होतं. तिने मोजली, सतरा माणसं. लांबून ती माणसं वाटत नव्हती, चिखलात रोवलेले वाकडे खुंट वाटत होते. ज्यांचं ऐकायला ती आली होती ते सगळे तिथे होते, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पण सुनावणी चालू असताना तिला खोली सोडता येत नव्हती. तेवढ्यात कुणी आलं तर?

कुणी आलं नाही. कॅसेट फिरत राहिली. फर्नने एक डोनट खाल्ला. त्याचा आवाज कॅसेटवर आला असेल. पाच वाजता लिओनाने शेवटची ओळ वाचली आणि बटण बंद केलं. सहाला तिथे आग विझवणाऱ्यांच्या पथकाचं बीन्सचं जेवण होतं. माणसं टेबलं लावायला येऊन उभी राहिली होती. खुंट अजून चिखलातच होते.

पुढचे दहा दिवस ती रोज टपालाचं खोकं बघत होती. दहाव्या दिवशी, गुरुवारी, ती पाचनंतरही अर्धा तास बसून राहिली.

शुक्रवारी सकाळी आठला किड्यांचा ट्रक न्यूयॉर्ककडे जाताना ऑगस्टा शहरात, खात्याच्या कचेरीपाशी थांबला. ड्रायव्हरने खाली दारवानाकडे एक पाकीट दिलं. पाकिटाला समुद्राच्या गवताचा वास होता. आत फर्नच्या गोल अक्षरातली दोन पानं होती. उत्तरेचं अर्धं, दक्षिणेचं अर्धं, ओढा, ती थंडी, पश्चिमेचं मेलेलं खाजण, सगळं होतं. खाली थरथरती सही. त्याखाली फर्नने लिहिलं होतं: “शिव्या मी काढल्या आहेत. तीनदा लिहायला लावलं त्याने. मी या सोमवारीच टपालात टाकते म्हणत होते, पण तो म्हणाला, वीस ओहोट्या आहेत, अजून वेळ आहे.”

लिओना ते वाक्य बराच वेळ बघत बसली. दिवसाला दोन ओहोट्या, म्हणून दहा दिवसांच्या वीस. खाजणातला माणूस असाच मोजतो. तिचा बापही असाच मोजायचा. पण ओहोटी रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा येते. विसावी ओहोटी पुरी होईतो कॅलेंडरातला अकरावा दिवस लागलेला असतो. ओरिनच्या हिशेबाने त्याने मुदतीत पाठवलं होतं. चूक काहीच नव्हती. फक्त घड्याळ वेगळं होतं.

ती पत्र घेऊन वेन्डलकडे गेली. वेन्डल तिचा साहेब, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याने दोन्ही पानं वाचली. मनापासून वाचली.

“चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. “खरंच. कधी आलं?”

“आज सकाळी.”

“लिओना...”

“पंधरा तास, वेन्डल.”

“मी नवा होतो तेव्हा ती मासळी कंपनी आठवते? त्यांचा वकील पाच वाजून दहा मिनिटांनी कागदांची पेटी घेऊन आला होता. तू दारात उभी राहून म्हणालीस, दहा मिनिटं म्हणजे उशीर. तो ओरडला, धमक्या दिल्या. तू हलली नाहीस. मी सगळ्यांना ती गोष्ट सांगतो.” त्याने पत्र तिच्याकडे सरकवलं. “हे घेतलं, तर त्या वकिलाला काय तोंड दाखवू?”

ती गोष्ट खरी होती. त्या रात्री घरी जाऊन ती आपण काहीतरी राखलं या समाधानात झोपली होती, तेही खरं होतं.

पत्रावर तिने ‘उशिरा’चा शिक्का मारला आणि ते फाईलच्या शेवटच्या कप्प्यात लावलं. तो कप्पा नियम करणाऱ्यांना बघता येत नसे. मग टाईपरायटरवर बसून अहवाल लिहिला. सुनावणीस कोणीही उपस्थित नव्हते. मुदतीत कोणतेही मत आले नाही. हीच दोन वाक्यं तिने आयुष्यात शेकडो वेळा लिहिली होती. त्या प्रत्येक वेळी खिडकीबाहेर कोण वाकलेलं होतं, हे तिने कधी बघितलं नव्हतं. तिने सही केली. जुलैत नियम लागू झाला. आतलं खाजण सगळंच्या सगळं बंद.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती स्वतःची गाडी काढून टिबेट्स कोव्हला गेली. ओरिनला खरं काय झालं ते सांगायचं, एवढं ठरवून गेली होती. खाजणाच्या काठी सडक संपते तिथे बंदीची फळी ठोकलेली होती, आणि त्या फळीजवळ ओरिन आपल्या जुन्या ट्रकच्या मागच्या पाटावर पाय सोडून बसला होता. पायात साधे जोडे होते. लिओनाने त्याला जोड्यांत कधी बघितलं नव्हतं. त्याचे पाय केवढेसेच दिसत होते.

“ये,” तो म्हणाला. “बस. अकरा वीसची आहे.”

ती शेजारी बसली. पाणी मागे चाललं होतं. चिखल उघडा पडत होता, चकाकत होता, आणि त्यावर कुणी उतरत नव्हतं.

“मुलगी म्हणते, पोर्टलंडला ये,” ओरिन म्हणाला. “तिसऱ्या मजल्यावर राहतात ते. खिडकीतून गाड्या दिसतात म्हणे.”

“जाणार?”

“बघू.” त्याने टोपी काढली. आत अजून तिचं कार्ड होतं, घामाने पिवळं पडलेलं. “एक सांगू, पोरी? मला राग नाही आला. ऐकून घेऊन नाही म्हणाले. ते मला चालतं. माणूस ऐकून घेऊन नाही म्हणाला तर सहन होतं. फर्नला मी तेच म्हटलं.” त्याने कार्ड अंगठ्याने सरळ केलं. “पण ते अर्धं-अर्धं करायचं मी सांगितलं होतं, त्याचं त्यांना काय वाटलं? तेवढंच मला कळून घ्यायचं होतं.”

सव्वीस वर्षांत तिला असं हजारदा विचारलं गेलं होतं, आणि तिने कधीही उत्तर दिलं नव्हतं. खरं काय ते तिच्या तोंडाशी आलं होतं. शिक्का, कप्पा, पंधरा तास. ते ऐकल्यावर या माणसाकडे काय उरेल, तेही तिला दिसत होतं.

“बराच वेळ बोलले त्यावर,” ती म्हणाली.

“हो?”

“हो. दोघं-तिघं तर तुमच्याच बाजूने होते.”

ओरिनने मान हलवली. टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, नीट, दोन्ही हातांनी. “मग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि ओढ्याच्या उत्तरेकडे, जिथे पाणी सगळ्यात आधी उतरतं तिकडे, बघत राहिला.